आठ हजार आरपीएम, पण कोणत्या तापमानाला?

इंजिन कुठवर ताणायचं असं विचारलं, की बहुतेक जण एकच आकडा सांगतात. ट्रॅकसाठी ट्यून केलेल्या गाडीत एक आकडा पुरत नाही. इंजिन थंड असताना, नीट तापलेलं असताना आणि पाणी उकळायच्या बेतात असताना ती मर्यादा वेगवेगळी हवी. ती बदलण्याचं काम ड्रायव्हरच्या नजरेवर सोडू नये, कारण वळणात शिरताना त्याची नजर काट्यावर नसते आणि नसावीही.

मुळात मर्यादा का लागते? पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबून उलटा फिरतो. त्याला थांबवताना कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,००० वरून ७,५०० वर गेलात तर फेरे सव्वापट होतात, ताण मात्र दीडपटीच्या पुढे जातो. १९९९ मध्ये आलेल्या होंडा एस२००० चं उदाहरण घ्या. तिच्या इंजिनाचा स्ट्रोक ८४ मिलिमीटर आणि जपानी गाडीची रेडलाइन ९,०००. तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर भरतो. पुढे अमेरिकेतल्या गाड्यांसाठी स्ट्रोक ९०.७ मिलिमीटर केला, तेव्हा रेडलाइन ८,००० वर उतरली. व्हॉल्व्हचाही प्रश्न असतो. फार वेगात स्प्रिंग कॅमच्या मागे पुरी पडत नाही, व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही आणि वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो.

ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हे रोखतो ते इंधन तोडून, ठिणगी तोडून किंवा थ्रॉटल मिटवून. ठिणगी तोडली की लगाम झटकन बसतो, पण न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. इंधन तोडायचं तर त्या सिलिंडरचं पूर्ण तोडावं. टर्बो इंजिनात ते अर्धवट कमी केलं तर मिश्रण पातळ होतं आणि पिस्टनच धोक्यात येतो. एक गोष्ट मात्र कुठलाच लिमिटर रोखू शकत नाही. चौथ्या गिअरमधून पाचव्याऐवजी तिसरा पडला, तर इंजिनाला चाकं फिरवतात. तिथे इंधन तोडून उपयोग नाही.

आता पाण्याकडे वळू. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण १.१ बारचं झाकण असलेल्या बंद यंत्रणेत ते साधारण १२० अंशांपर्यंत टिकतं. म्हणून काटा १०५ वर गेला की लगेच वाफ होत नाही, पण हातातली सवलत झपाट्याने संपू लागते. हेड तापलं की सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीआधीच किंवा भलत्या कोपऱ्यात पेटू लागतं, अॅल्युमिनियमचं हेड प्रसरण पावून गॅस्केटवर ताण येतो. आपल्याकडची हवा यात भर घालते. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. १०० अंशांचं पाणी आणि २० अंशांची हवा असेल तर फरक ८०. हवा ४० अंशांची झाली की ६०. म्हणजे रेडिएटर तोच, क्षमता पाव हिश्शाने कमी. इंग्लंडातल्या ट्रॅकवर पुरलेली मांडणी मे महिन्यात चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला पुरेलच असं नाही. शिवाय फेरे वाढवले की पंप जास्त पाणी फिरवेल असंही धरू नका. ठरावीक वेगापुढे पंपाच्या पात्यांपाशी बुडबुडे होतात आणि प्रवाह वाढायचा थांबतो.

म्हणून चांगल्या प्रोग्रॅमेबल ईसीयूत आरपीएमची मर्यादा पाण्याच्या तापमानाला बांधता येते. समजा पूर्ण मर्यादा ७,२०० आहे. मग २० अंशांना ४,५००, ६० ला ६,०००, ८० ते १०५ पर्यंत पूर्ण आणि १०५ ला इशाऱ्याचा दिवा, ११० ला ६,०००, ११५ ला ४,५००. खालची बाजू लोक हमखास विसरतात. पाणी तापलं तरी तेल मागे असतं, म्हणून शक्य असेल तर थंड बाजूची मर्यादा तेलाच्या तापमानाला बांधावी. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये टॅकोमीटरवरचे दिवे इंजिन तापेल तसे एकेक करून विझत आणि वापरण्याजोगा पल्ला वाढत जाई.

वरच्या बाजूला इंजिन एकदम बंद करू नये, असं माझं ठाम मत आहे. मागून गाड्या येत असतात, आणि इंजिन थांबलं की पंपही थांबतो, हेडमधली साठलेली उष्णता पाण्यात उतरते आणि पारा आणखी चढतो. फेरे आणि बूस्ट टप्प्याटप्प्याने उतरवले की जळणारं इंधन घटतं, उष्णताही घटते आणि गाडी हळूहळू पिटपर्यंत येते. तेलाचा दाब गेला तर गोष्ट वेगळी, तिथे ताबडतोब बंद. इग्निशन मागे घेतल्याने नॉकिंग टळतं, पण उष्णता एक्झॉस्टकडे जास्त जाते. तेवढ्यावर पाणी थंड होईल अशी आशा धरू नये. मर्यादा परत वर न्यायची ती पारा चार-पाच अंश उतरल्यावरच, नाहीतर गाडी सरळ रस्त्यावर सतत धक्के खात राहते.

या सगळ्याचा पाया सेन्सर, आणि तो फसवू शकतो. पाईप फुटून पाणी गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि तापमान चक्क कमी दाखवतो. म्हणून रेसच्या गाड्यांत पाण्याचा दाब मोजणारा सेन्सरही बसवतात. दाब ढासळला की काटा काहीही सांगो, मर्यादा खाली येते. तार तुटली तर ईसीयूला उणे ४० अंश दिसतात. अशा अशक्य आकड्याला ‘थंड’ न मानता ‘बिघाड’ मानण्याची सोय ट्यूनमध्ये हवी. डॅशबोर्डवरच्या मूळ काट्यावर तर अजिबात विसंबू नये, कारण बऱ्याच गाड्यांत तो ८० पासून १०० च्या पुढेपर्यंत मधोमधच राहतो.

ट्रॅकवर जाण्याआधी चाचणी गॅरेजमध्येच होते. गरम बाजूचे सगळे आकडे तात्पुरते २५ अंशांनी खाली आणा आणि गाडी उभी ठेवून तापवा. साधारण ८० ला इशाऱ्याचा दिवा लागतो का, ८५ आणि ९० ला मर्यादा टप्प्याने उतरते का, लॉगमध्ये त्याची नोंद होते का ते पाहा. मग सेन्सरचा प्लग काढा आणि बिघाडाची मर्यादा लागू होते का तेही तपासा. दोन्ही नीट झालं की मूळ आकडे परत भरा.