चंबळेकाठची मोजणी

टोपी बाजारातील एखाद्या मराठी घरची कन्या प्राणिशास्त्राच्या संशोधनास निघाली, की वडीलधारी मंडळी विचारतात, ‘नदीकाठी मगरी मोजून काय मिळणार?’ मगरी नव्हेत, घडियाल! २००७-०८ च्या हिवाळ्यात चंबळेत शंभरांहून अधिक घडियाल मेले. मूत्रपिंडे निकामी झालेली आढळली. विषबाधेचा संशय बळावला, परंतु विषाचे मूळ निर्विवाद ठरले नाही. मुरैन्याजवळील देवरी केंद्रात अंडी उबवून पिले वाढवितात आणि पुढे नदीत सोडतात. त्यांतील किती जगली, हे कळावयाचे तर थंडीत, घडियाल ऊन खाण्यास वाळूवर येतात तेव्हा, कोणी तरी दुर्बीण घेऊन बसलेच पाहिजे. घरट्यातील उष्णतेवर पिल्लू नर की मादी, हे ठरते. ती वाळूच ट्रॅक्टरने उपसून नेली, तर मोजावयाचे तरी काय?