मूर्तीवरचा ओरखडा किती पिक्सेलचा?

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब समर्थ. घनसावंगी तालुक्यातल्या या गावच्या राममंदिरातून ऑगस्ट २०२२ मध्ये पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. राज्यभर खळबळ उडाली, विधिमंडळात विषय निघाला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस जालना पोलिसांनी आरोपींना पकडून मूर्ती हस्तगत केल्या. त्या चोरीचा तपास हा या लेखाचा विषय नाही. पण मूर्ती नाहीशी झाली की तिची ओळख सांगायला उरतो तो तिचा फोटो, आणि हा फोटो आजकाल बहुतेक वेळा मोबाइलवरून मोबाइलवर किंवा एखाद्या संकेतस्थळावर फिरून आलेला असतो. या प्रवासात त्याचं काय होतं, ते पाहण्यासारखं आहे.

हिशेब अगदी साधा आहे. फोन उभा धरून सभामंडपातून गाभाऱ्याचा फोटो काढला, तर बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्याची उंची ४००० पिक्सेल भरते. फुटभर उंचीच्या मूर्तीनं चौकटीचा चौथा हिस्सा व्यापला, तर तिच्या वाट्याला हजार पिक्सेल येतात. म्हणजे एका मिलिमीटरला तीनाहून थोडे जास्त. पायाशी मिलिमीटरभर रुंदीचा ओरखडा असेल, तर तो नीट दिसेल. आता हाच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवा. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. मूर्तीला उरले चारशे, ओरखड्याला जेमतेम एक. कुठलाही बारकावा विश्वासानं टिकायचा तर त्याच्यावर किमान दोन नमुने पडावे लागतात, असं संदेशविज्ञान सांगतं. एका पिक्सेलमधला ओरखडा शेजारच्या उजेडात मिसळून जातो. मूळ १ कोटी २० लाख पिक्सेलपैकी आता १९ लाखांच्या आसपास उरलेले असतात.

लहान करणं म्हणजे टाकून देणं, त्याला इलाज नाही. प्रश्न एवढाच, की काय टाकायचं ते आपण ठरवायचं की यंत्रावर सोडायचं.

यंत्र आळशी असेल तर दर दोन-तीन पिक्सेलमागे एक उचलतं आणि बाकीचे फेकून देतं. मग महिरपीवरची जाळी, पितळी समईचे वेढे, जरीकाठाची वीण अशा बारीक, पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीवर मुळात नसलेले लाटांसारखे पट्टे उमटतात. चांगली प्रणाली आधी शेजारच्या पिक्सेलांची भारित सरासरी काढते आणि मगच आकार कमी करते. फोटो संपादनाच्या प्रणालींत ‘बायक्युबिक’, ‘लँक्झोस’ अशी नावं दिसतात, ती या सरासरीच्या रीतींची. सरासरीनं कडा किंचित मऊ पडतात, म्हणून शार्पनिंग करायचं ते आकार कमी केल्यानंतर आणि हात राखून. आधी केलेलं शार्पनिंग बव्हंशी वाया जातं आणि जास्त झालं तर मूर्तीभोवती पांढरी कड दिसू लागते.

सरासरीतही एक खोच आहे. फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे २५५. दोन्हींची आकडेमोडीतली सरासरी १२७ येते, पण खरोखर अर्ध्या प्रकाशाचा आकडा १८८ च्या जवळ असतो. बऱ्याच प्रणाली हा फरक न पाहता थेट आकड्यांची सरासरी काढतात. रामनवमीच्या रात्रीच्या रोषणाईचा फोटो लहान केल्यावर अंधारातले दिव्यांचे ठिपके मलूल दिसतात, त्याचं एक कारण हे.

आकारानंतर येतं कॉम्प्रेशन. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या जेपेग पद्धतीच्या मुळाशी नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या भारतीय वंशाच्या तिघांनी १९७४ मध्ये मांडलेलं एक गणिती रूपांतर आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे ‘ढोबळ बदल’ ते ‘अगदी बारीक बदल’ अशा ६४ प्रमाणांत मांडायचे. मग बारीक बदलांच्या प्रमाणांना मोठ्या संख्येनं भागून पूर्णांक करायचे, की त्यातले बरेचसे शून्य होतात. फाइल हलकी होते ती इथे. ‘क्वालिटी ८०’ म्हणजे ८० टक्के फोटो शिल्लक राहिला असं नव्हे. हा भागाकार किती कठोर करायचा याचा तो खुंटा आहे. संकेतस्थळावरच्या बहुतेक फोटोंना ७५ ते ८५ पुरतं. ५० च्या खाली गेलं की सपाट भिंतीवर चौकोन दिसू लागतात.

जेपेगची दुसरी काटकसर रंगात असते. डोळ्याला उजेडातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून पुष्कळदा रंगाची माहिती उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मी केली जाते. निसर्गदृश्यात हे खपून जातं. शेंदूरचर्चित मारुतीच्या फोटोत खपत नाही: काळ्या पाषाणाच्या कडेला शेंदरी रंग बाहेर ओघळल्यासारखा दिसतो. अशा फोटोसाठी रंगांची ही छाटणी बंद ठेवावी, फाइल थोडी जड झाली तरी चालेल. नव्या फोनचे फोटो ‘डिस्प्ले पी-३’ या जास्त विस्तृत रंगपटात असू शकतात. त्याची नोंद फाइलमधून पुसली गेली, तर तोच शेंदूर फिका पडतो. म्हणून वेबसाठी फोटो आधी ‘एसआरजीबी’मध्ये बदलून घ्यायचा.

आणि हे सगळं एकदाच, मूळ फाइलवरून करायचं. उघडा, कापा, सेव्ह करा, पाठवा, पुन्हा कापा, पुन्हा सेव्ह करा, असं चाललं तर झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखी गत होते. मूळ फोटो हार्ड डिस्कवर अस्पर्श ठेवावा आणि प्रसिद्ध करायची प्रत वेगळ्या नावानं काढावी. मूळ कुणाला पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. व्हॉट्सॲपनं २०२३ मध्ये आणलेला एचडी पर्याय बरा आहे, पण तोही मूळ फाइल देत नाही.

मंदिरांच्या बाबतीत अडचण पिक्सेलच्याही आधी सुरू होते. आपल्याकडचे बहुतेक फोटो पूजा बांधल्यानंतरचे: वस्त्र, हार, मुकुट. मूर्तीची पाठ, पीठ, जोड, झीज कुठेच नसते. चोरीस गेलेल्या कलावस्तूंची ओळख पटावी म्हणून १९९७ मध्ये ‘ऑब्जेक्ट आयडी’ ही आंतरराष्ट्रीय नोंदपद्धती आली. त्यात फोटोंबरोबर मापं, साहित्य आणि वस्तूच्या खास खुणा टिपायला सांगितलं आहे. हे फोटो लोकांसमोर मांडण्याचे नव्हेत. अभिषेकाच्या वेळी, पुजाऱ्यांच्या संमतीनं, शेजारी मोजपट्टी ठेवून तासाभरात ते काढून होतील.

त्यांचं मोल पुदुच्चेरीत कळलं. तिथल्या फ्रेंच संस्थेनं १९५६ पासून दक्षिणेतल्या देवळांची छायाचित्रं काढून ठेवली आहेत. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदनची नटराजमूर्ती चोरीला जाऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोहोचली होती. ती तीच, हे दाखवायला या संग्रहातला फोटो कामी आला आणि २०१४ मध्ये मूर्ती भारतात परतली.

आता काही जण म्हणतील, फोटो लहान राहिला म्हणून काय झालं, एआयनं मोठा करू. होतो, आणि सुंदरही होतो. पण प्रणाली हरवलेला तपशील शोधून काढत नाही; लाखो इतर चित्रं पाहून ‘इथे बहुधा असं असेल’ असा अंदाज भरते. लग्नाच्या अल्बमला ते चालेल. चोरीच्या फाइलमध्ये असा फोटो लावला, तर नाकाची धार आणि ओठांची कड दिसेल कुठल्या तरी दुसऱ्याच मूर्तीची, आणि पायाशी असलेला ओरखडा बहुधा गुळगुळीत होऊन गेलेला असेल.