कार्ड बदलायच्या आधी एक आकडा बघा

नंजनगूड म्हैसूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, कपिला नदीच्या काठी. श्रीकंठेश्वराचं देऊळ आणि रसबाळे केळी ही या गावाची जुनी ओळख. आता त्यात औद्योगिक वसाहतीची भर पडली आहे. नोकरीसाठी तिथे स्थायिक झालेलं एखादं मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणा. घरात 100 एमबीपीएसचं फायबर कनेक्शन, बाहेरच्या खोलीत राउटर आणि आतल्या खोलीत सात-आठ वर्षांचा लॅपटॉप. मुलीची ऑनलाइन मुलाखत ऐन वेळी अडखळते. मग कुणीतरी सुचवतं, लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बदलून टाका, नेट पळायला लागेल. दोन हजारांच्या आसपासचा हा खर्च करावा का?

इंटरनेट लॅपटॉपपर्यंत दोन टप्प्यांत पोचतं. पहिला टप्पा कंपनीपासून राउटरपर्यंतचा, दुसरा राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचा. कार्डाचा संबंध फक्त दुसऱ्याशी. म्हणून आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. केबलवरही 30 एमबीपीएसच येत असतील तर जगातलं कुठलंही कार्ड ते 31 करू शकणार नाही. तक्रार कंपनीकडे करायला हवी. मोजताना एक गफलत टाळा. कनेक्शनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल उतरताना पडद्यावर बहुधा मेगाबाइट दिसतात. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा 100 एमबीपीएसवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट म्हणजे पुरेपूर वेग.

केबलवर पूर्ण वेग मिळतो आणि वाय-फायवर मिळत नाही, असं दिसलं तरच पुढे जायचं. राउटरजवळ बसा, विंडोजमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडा आणि ‘लिंक स्पीड’समोरचा आकडा वाचा. स्वस्त लॅपटॉपमध्ये बरीच वर्षं एका अँटेनाची, फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारी कार्डं बसवली जात. त्यांवर हा आकडा साधारण 72 दिसतो. प्रत्यक्ष हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास लागतं, कारण हवेतला बराच वेळ पोच देण्यात आणि आपली पाळी येण्याची वाट बघण्यात जातो. त्यात 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल जेमतेम तीन, आणि तिथेच शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन यांची गर्दी. इथे 100 चं कनेक्शन खरोखर कार्डापाशीच अडतं.

आकडा 433 किंवा 867 असेल तर कार्ड 5 गिगाहर्ट्झवर चालतं आहे आणि 100 एमबीपीएस त्यातून आरामात जातात. नवं वाय-फाय 6 कार्ड तसल्याच राउटरसोबत 1201 दाखवेल, पण घरात येणारं इंटरनेट 100 चं 100 च राहील.

433 आणि 867 मधली ही दुप्पट कुठून आली? राउटरमधून निघालेल्या लहरी भिंती, कपाट, छत यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी लॅपटॉपपर्यंत येतात. पूर्वी अभियंते याला कटकट समजत, कारण या लहरी एकमेकींना मारतात आणि सिग्नल क्षीण होतो. पण पाठवणाऱ्याकडे दोन अँटेना आणि घेणाऱ्याकडे दोन अँटेना असतील तर प्रत्येक अँटेनाला दोन संदेशांचं वेगळं मिश्रण मिळतं. अज्ञात दोन, समीकरणं दोन. दहावीच्या बीजगणितातली एकसामयिक समीकरणं कार्डातली चिप अहोरात्र सोडवत असते! त्यांचे सहगुणक तिला आधीच ठरलेल्या, ओळखीच्या संकेतांवरून कळतात. ज्या भिंतींनी घोळ घातला, त्यांच्यामुळेच ही समीकरणं वेगळी होतात आणि सुटतात. या कल्पनेचं एक पायाभूत पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ या दोघांच्या नावावर आहे. अर्ज 1992 चा, मंजुरी 1994 ची. कैलाथ यांचा जन्म पुण्याचा, आणि 1956 साली ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातूनच पदवीधर झाले. पॉलराज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदलात गेलेले, अभियांत्रिकी शिकले लोणावळ्याला. 2009 च्या 802.11एन या मानकाने ही युक्ती घराघरांतल्या वाय-फायमध्ये आणली.

त्याचा थेट उपयोग असा. लॅपटॉप उघडल्यावर टपाल तिकिटाएवढ्या कार्डावर बारीक पितळी टोप्यांनी जोडलेल्या दोन वायरी दिसतात, बहुधा एक काळी आणि एक पांढरी. त्या पडद्याच्या कडेतल्या अँटेनांकडे जातात. पंख्याच्या साफसफाईत यांतली एखादी निसटली की समीकरण एकच उरतं आणि 867 चे 433 होतात. अशा वेळी नवं कार्ड नको, टोपी पुन्हा नीट दाबून बसवली की झालं. आणि मुळातच एक वायर असलेल्या लॅपटॉपमध्ये दोन अँटेनांचं कार्ड घातलं, तरी दुसरी अँटेना लावल्याशिवाय त्याचा पुरता फायदा मिळत नाही.

कार्ड बदलायचंच ठरलं तर जोडणीची खात्री करा. इंटेलचं एएक्स210 नेहमीच्या एम.2 खाचेत चालतं. एएक्स211 मात्र ठरावीक इंटेल प्रोसेसरांसोबतच चालतं, एएमडीच्या लॅपटॉपवर नाही. काही जुने लॅपटॉप कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड दिसताच सुरूच होत नाहीत, तर काही नव्या लॅपटॉपमध्ये कार्ड मदरबोर्डलाच डाखलेलं असतं. अशांना यूएसबी अडॅप्टर बरा.

राउटरजवळ वेग चांगला आणि आतल्या खोलीत वाईट, असं असेल तर दोष जाड भिंतींचा आहे; 5 गिगाहर्ट्झच्या लहरींना त्या जास्तच अडवतात. तिथे राउटर घराच्या मध्यावर हलवणं किंवा आतपर्यंत लॅन केबल ओढणं हाच खरा उपाय. मुलाखतीच्या व्हिडिओ कॉलला चारेक एमबीपीएस पुरतात. तिथे वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचं, आणि ते केबलइतकं कुठलंच कार्ड देत नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी दोन आकडे कागदावर लिहून न्या: केबलवरचा वेग आणि राउटरजवळचा लिंक स्पीड. दुसरा 72 च्या आसपास असेल आणि फोनला दिसणारं 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नसेल, तर खुशाल कार्ड बदला. नाहीतर ते दोन हजार लॅन केबलवर किंवा चांगल्या राउटरवर घाला.