तिगावच्या वावरातून बेळगावशी गप्पा

नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी पांढुर्णा सोडून तिगावला येते आणि पुढे चिचोंड्याचा घाट चढू लागते. खिडकीतून घाट छान दिसतो. आम्हा हौशी रेडिओवाल्यांना मात्र रुळांवरच्या 25 हजार व्होल्टच्या तारांची धास्ती. त्या रेडिओत नुसती खरखर ओततात. म्हणून आत्याकडे तिगावला गेलो की मी आधी रुळांपासून लांबचं वावर शोधतो.

हॅम रेडिओ म्हणजे परवानाधारक हौशी माणसांचा बिनतारी संवाद. मध्ये टॉवर नाही, इंटरनेट नाही, रिचार्ज नाही. आपल्या तारेतून निघालेल्या लहरी आकाशातल्या आयनांबरावरून परततात आणि शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या तारेत उतरतात.

या छंदाचा एक नवा प्रकार सध्या जगभर रुजलाय. सेट पाठीवर टाकायचा, प्रवासात एखाद्या उद्यानात बसायचं आणि तिथून जगाला हाक मारायची. 2016 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला 100 वर्षं झाली, तेव्हा तिथल्या हॅम संघटनेने वर्षभर असा उपक्रम चालवला. त्यातूनच पुढे 'पार्क्स ऑन द एअर' उभं राहिलं. एका उद्यानातून 10 संपर्क झाले की ती मोहीम फत्ते.

अमेरिकेत बाकावर डबा उघडून हे जमतं. आपल्याकडचं जवळचं राष्ट्रीय उद्यान म्हणजे पेंच, आणि तिथे सफारीत जिप्सीतून खाली पाय ठेवायची सोय नाही. वाघाच्या घरात तारा बांधायचा हट्ट करूही नये. त्यामुळे आमचं उद्यान म्हणजे आत्याचा संत्र्याचा बगीचा. पार्कचे गुण मिळत नाहीत, पण शांतता पार्कपेक्षा कमी नाही. आणि रेडिओला खरी हवी असते ती विजेची शांतता. शहरातल्या फ्लॅटमध्ये चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर सगळे मिळून इतका गोंगाट करतात की लांबचा क्षीण आवाज त्यात बुडून जातो. गावात मोटारपंप बंद झाला की कान एकदम मोकळे होतात.

सामान थोडंच. सुमारे 20 मीटर तार, मधोमध तोडून दोन सारखे भाग केलेली. ती उंच धरायला बांबू. 12 व्होल्टची बॅटरी आणि छोटा सेट. मी 10 वॅटवर बोलतो, म्हणजे घरातल्या एका एलईडी बल्बाएवढी ताकद. तार बांधताना वर विजेची लाइन नाही ना हे दोनदा बघायचं, आणि आभाळ गडगडलं की सगळं गुंडाळायचं. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो, म्हणून दुसरीकडून बोलायची रीतसर परवानगी आधी बघावी. परवान्याची प्रत खिशात ठेवावी, सरपंचांना आणि कोटवारालाही सांगून ठेवावं. अनोळखी माणूस तारा बांधताना दिसला की गावाला शंका येणारच.

गेल्या डिसेंबरात तार चढवत होतो तर शेजारचे काका बांधावर येऊन उभे राहिले. "काय करून रायला बाप्पा? टावर कुठं हाय याचा?" टॉवर नाहीच म्हटल्यावर ते खालीच बसले.

भर दुपारी 40 मीटर पट्ट्यावरच्या लहरी आयनांबराचा खालचा थर बऱ्याचशा गिळून टाकतो. ऊन उतरलं की पट्टा लांबवर उघडतो. साडेचारला हैदराबाद आलं, मग पुणे. आणि मग एक आवाज आला, बेळगावचा. सरळ रेषेत सुमारे साडेसातशे किलोमीटर. मी मराठीत जागा सांगितली, तर पलीकडून प्रश्न, "मध्य प्रदेश? आणि मराठी बोलताय?"

1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिलं, बेळगाव म्हैसूर राज्यात. या विषयावर आम्ही दोघं तासभर बोललो असतो! पण हॅम रेडिओवर राजकारण वर्ज्य. मग त्यांनी कुंद्याचं सांगितलं, मी संत्र्याचं. त्यांच्या 'काय की वो'ला काका इतके हसले, की तेही आवाज पलीकडे गेले असणार.

हा नुसता वेळ घालवायचा खेळ आहे का, असं मला घरचेच विचारतात. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांची तुकडी अशीच हौस म्हणून सेट घेऊन अंदमानात गेली होती. 26 तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि बेटांवरची खबर मुख्य भूमीपर्यंत पोचवायला याच हौशी लोकांचे सेट कामी आले. घराबाहेर, बॅटरीवर, मिळेल त्या झाडाला तार बांधून स्टेशन उभं करायची सवय असली की असं होतं. घरातल्या टेबलावर ती लागत नाही.

तुमच्यापैकी कुणाला यावंसं वाटलं तर वय 12 पूर्ण हवं. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा असते: थोडं रेडिओशास्त्र, थोडे नियम. वरच्या श्रेणीला मोर्सही येतो. माझा भाचा येत्या जूनमध्ये बारा पूर्ण करतो. सध्या तो जेवताना ताटावर चमच्याने मोर्स वाजवतो आणि ताई माझ्याकडे बघते.