मायभूमी कोणाची? परदेशस्थ दलितांचा पैसा आणि गावाकडची वस्ती

परदेशी गेलेल्यांनी मायभूमीच्या विकासाला हातभार लावावा, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. दलितांच्या बाबतीत त्याआधी एक प्रश्न उभा राहतो. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितले होते की, आम्हाला मायभूमीच नाही. ज्या गावाने पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्या गावाच्या वेशीसाठी आणि देवळाच्या कळसासाठी आपल्या माणसाने डॉलर का पाठवावेत? पैसा गावाला की गावकुसाबाहेरच्या वस्तीला, हे प्रथम ठरले पाहिजे. माझ्या मते तो वस्तीलाच गेला पाहिजे.

तसे पाहिले तर देशांतर आपल्याला नवे नाही. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमाचे नाव १८१८ पासून महार शिपायांशी जोडलेले आहे. पलटणीनंतर रेल्वे, गिरण्या आणि गोदी आली. मनमाडचा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. रेल्वेने दिलेले काम कष्टाचेच होते. पण पगार रोख होता, पाटलाच्या मर्जीचे बलुते नव्हते. मुंबईच्या चाळींतून गावोगावची मंडळे उभी राहिली आणि मनीऑर्डरींवर वस्तीतली चूल पेटत राहिली. परदेशस्थ दलित हा त्याच परंपरेतला पुढचा माणूस आहे.

शिकून परत येणाऱ्याचे स्वागत होतेच असेही नाही. १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. १९१७ मध्ये कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीस आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही; पारशी धर्मशाळेतूनही हुसकून लावण्यात आले. ज्ञान घेऊन या म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

या बाबतीत कॅरिबियन बेटांतल्या काळ्या लोकांचा अनुभव आपल्या उपयोगी पडेल. १९४८ नंतर जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोसहून हजारो लोक इंग्लंडात गेले. गोऱ्या बँका कर्ज देईनात, घरमालक खोली देईनात. तेव्हा त्यांनी आपल्या भिशीसारखीच एक पद्धत चालवली. जमैकन तिला ‘पार्डनर’ म्हणतात, त्रिनिदादी ‘सुसू’. दर आठवड्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची, पाळीपाळीने एकाने सगळी उचलायची. त्यातून अनेकांची घरे झाली. अलीकडच्या वर्षांत जमैकाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतका पैसा बाहेरून येतो. मात्र त्यातला बहुतेक घरखर्चात जातो, आणि ते स्वाभाविकच आहे. शाळांना पुस्तके आणि बाके मिळतात ती टोरांटो-न्यूयॉर्कमधल्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळांमुळे. एकट्याचा पैसा घर चालवतो. संस्था उभी करायला संघटितच पैसा लागतो.

आपल्याही परदेशस्थांनी संघटना केल्या आहेत. लंडनमधील बाबासाहेबांचे निवासस्थान २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने घेतले, त्यामागे तिथल्या आंबेडकरवाद्यांचा पाठपुरावा होता. २०२३ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमध्ये भव्य पुतळा उभा राहिला. अशा स्मारकांची मी टिंगल करणार नाही. ज्यांना इतिहासातून पुसले गेले त्यांना खूण लागते. परंतु दौंड-शिरूरच्या वाड्यावस्त्यांतून पुण्याला शिकायला येणाऱ्या मुलीला आज खूण नको, खोली हवी आहे. २०२२ मध्ये केंद्राने परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाजव्यवस्था हे विषय वगळले. म्हणजे ज्याला परदेशात जातीचा अभ्यास करायचा आहे, त्याचीच वाट अडवली! ही पोकळी भिशीच्या धर्तीवर वीस-पंचवीस नोकरदार भरून काढू शकतात.

पैसा पाठवताना कायदा मात्र समजून घ्यावा. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी ‘विदेशी अंशदान’ ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, मग तो मूळचा दौंडचा का असेना. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे अंशदान फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारता येते, आणि एका संस्थेने ते दुसरीला देण्यास बंदी आहे. मोठ्या संस्थेने वस्तीतल्या लहान मंडळाला मदत करण्याचा मार्ग यामुळे बंद झाला.

शेवटचा मुद्दा पैशाचा नाही, जमिनीचा आहे. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली. त्या जमिनी ठरावीक रक्कम भरून वतनदारांना नव्या शर्तीने परत मिळाल्या. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ इथे कारखाने आले आणि मुरमाड रानालाही भाव आला. दलाल प्रथम शोधतो तो दूर गेलेला वारस. त्याला जमीन कुठे आहे हे ठाऊक नसते, आणि कुलमुखत्यारपत्रावर सही करायला तो तयार असतो. परदेशस्थांनी सातबारा आणि फेरफार मागवून पाहावेत, गावात राहणाऱ्या चुलत्याशी बोलावे आणि तोवर सही करू नये.