आतड्याच्या दारावरचा पहारेकरी

महाबळेश्वरला प्रवाशांचे कणीस पळवणाऱ्या माकडाचा सांगलीतल्या रुग्णाच्या गोळीशी संबंध काय? आतड्याच्या पेशींतले पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन आत शिरणारे औषध परत बाहेर ढकलते. (बँकेत असे साहेब पुष्कळ पाहिले!) १९७६ साली ओळखले गेलेले हे प्रथिन माकडातही जवळजवळ आपल्यासारखेच असते. म्हणून आपल्या माकडाच्या आग्नेय आशियातल्या भाईबंदांना नवी औषधे देऊन पाहतात. तरी त्यांच्या रक्तात पुष्कळ औषधे माणसापेक्षा कमी पोचतात. त्यात या प्रथिनाचा वाटा किती, हे पाहायला माकडाचे व माणसाचे जनुक प्रयोगशाळेतल्या पेशींत घालून तुलना करतात. क्षयावरच्या रिफाम्पिसिनने आतड्यातले हे प्रथिन वाढते आणि हृदयविकारावरचे डिगॉक्सिन रक्तात कमी उतरते, हे १९९९मध्ये माणसांतच दिसले. साताऱ्याच्या एखाद्या घरात दोन्ही गोळ्या एकाच डब्यात असतील, तर दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांना दाखवाव्यात.