बाटलीवरची वेळ

लग्नघरी बुंदीच्या लाडवांचा पाक ज्या बाईच्या हाती असतो, तिच्याकडे कधी नीट बघितलंय का? ती चुलीपासून हलत नाही. थोड्या थोड्या वेळानं थेंब दोन बोटांत धरून ओढते. तार आली की चूल बंद. आणि समजा पाक थोडा पुढे गेलाच, तर पाणी घालून पुन्हा सैल करता येतो.

आमच्या वस्तीतली काही पोरं कंपनीत हेच काम करतात. फक्त त्यांचा पाक पुढे गेला की पाणी घालून परत येत नाही.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. केमिस्ट्रीशी आमचा संबंध दहावीतच तुटला. पण २०१६ साली वस्तीतल्या एका मुलाला रातोरात कामावरून काढलं आणि त्याची आई रडत आमच्या दारी आली. त्या प्रकरणापायी हे सारं समजून घ्यावं लागलं.

दारं-खिडक्यांना आपण जो ऑइलपेंट लावतो, त्याला चकाकी आणि चिकटपणा अल्किड रेझिनमुळे येतो. सोयाबीनचं किंवा जवसाचं तेल, ग्लिसरीन आणि थॅलिक ॲनहायड्राइड अशा वस्तू रिॲक्टरमध्ये, म्हणजे पोरांच्या भाषेत 'केटल'मध्ये, २२० ते २५० अंश सेल्सिअसला तासन् तास शिजवतात. शिजताना पाणी सुटतं, ते बाहेर काढत राहतात. माल कुठवर आला हे वरून दिसत नाही. म्हणून ठरलेल्या वेळी, दर तासाला किंवा अर्ध्या तासाला, सॅम्पल काढून लॅबमध्ये पाठवायचं.

लॅबमध्ये दोन गोष्टी बघतात. एक, ॲसिड व्हॅल्यू. एक ग्रॅम रेझिनमधलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅश लागतं तो आकडा. ब्युरेटमधून पोटॅशचे थेंब सोडायचे, गुलाबी रंग टिकला की थांबायचं. हिशेब आम्हीसुद्धा करून पाहिला: दोन ग्रॅम माल, ०.१ नॉर्मल पोटॅश पाच मिलिलिटर, तर उत्तर १४. दुसरी गोष्ट म्हणजे दाटपणा. माल ठरलेल्या प्रमाणात पातळ करून तळाला भोक असलेल्या कपात ओततात आणि रिकामा व्हायला किती सेकंद लागले ते मोजतात.

आकडे वेळेप्रमाणे कागदावर मांडले की रेघ तयार होते. आम्ल आधी भराभर उतरतं, मग हळूहळू. दाटपणाचं उलटं. तो बराच वेळ रेंगाळतो आणि शेवटी एकदम वर उसळतो. ती रेघ बघूनच साहेब ठरवतो की आणखी किती वेळ शिजवायचं, गरमी कधी काढायची. म्हणजे बाटलीतला माल जितका महत्त्वाचा, तितकीच तिच्यावर लिहिलेली वेळ. बाटलीतलं सॅम्पलही लगेच थंड करावं लागतं, नाहीतर ते गरमीवर आतल्या आतच पुढे शिजत राहतं.

त्या रात्री काय झालं? एकटा मुलगा, दोन केटल. सॅम्पल काढायचं ते मॅनहोलचं झाकण उघडून, लांब दांड्याच्या डावानं. झाकण उघडलं की थॅलिकची वाफ थेट डोळ्यांत, छातीत. या वाफेनं पुढे दम्यासारखा त्रासही जडतो. मास्क होता, पण त्याचं काडतूस कधीचं संपलेलं. दोनचं सॅम्पल त्यानं दोन दहाला काढलं, त्याच डावातलं दुसऱ्या बाटलीत ओतलं आणि तिच्यावर लिहिलं ३.००. "काका, परत एकदा तोंड घालायची हिंमतच नव्हती," असं तो आम्हाला म्हणाला.

लॅबला दोनचे आणि तीनचे आकडे सारखेच मिळाले. साहेबाला वाटलं, माल अडकलाय. त्यानं गरमी वाढवली. चारच्या सुमारास ढवळणीची मोटर कण्हायला लागली आणि सगळा माल केटलमध्ये रबरासारखा धरला. तो ना पातळ होतो, ना नळातून उतरतो. केटल गार झाल्यावर छिन्नी-हातोडा घेऊन आत माणसं उतरवली गेली. तीही कंत्राटीच. अशा केटलमध्ये नायट्रोजन सोडलेला असतो. त्याला ना वास, ना रंग. हवा नीट बदलून, प्राणवायू मोजल्याशिवाय आत उतरलेला माणूस जागच्या जागी कोसळतो. त्यांची हवा मोजली होती का, याचं उत्तर आम्हाला मिळालं नाही.

आम्ही मॅनेजरला भेटलो. "तुमच्या मुलानं खोटी वेळ लिहिली," तो म्हणाला. खरंच होतं ते, आम्ही नाकारलं नाही. मग आम्ही मागच्या महिन्यांच्या लॉगशीट मागितल्या. सगळीकडे १.००, २.००, ३.००. दोन्ही केटलवर, एकच माणूस, एकाच मिनिटाला! खाली साहेबांच्या सह्या. सरकारी मस्टर बघून आमची हयात गेली, तिथेही सगळेच बरोबर दहाला येतात. असली वेळ आम्ही ओळखतो. मॅनेजरनं चहा मागवला आणि विषय बदलला.

भगिनींनो, घरचं कुणी या कामावर असेल तर एक लक्षात ठेवा. गरम रेझिन अंगावर उडालं तर ते ओढून काढू नका, कातडी सोबत येते. वाहत्या गार पाण्याखाली निदान २० मिनिटं धरा. चिकटलेलं डॉक्टर काढतील.

मुलाला नोकरी परत मिळाली नाही. अडकलेला अकरा दिवसांचा पगार मिळाला, तोही तीन खेपांनंतर. आता तो दुसऱ्या कंपनीत आहे, काम तेच. तिथे झाकण उघडावं लागत नाही, बंद नळीतून व्हॅक्यूमनं सॅम्पल येतं. नळीत आधीच्या तासाचा शिळा माल साचलेला असतो, तो पहिल्यांदा काढून टाकायचा आणि मग बाटली लावायची. सॅम्पल आलं की तो मनगटावरचं घड्याळ बघतो आणि लिहितो, २.०७. लॅबमधली मुलगी फोनवर विचारते, "दोन सातच ना?"

"दोन सातच, ताई."